अथेन्सचे मैत्र आणि सासिमाची वाट

२ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा दोन संतांचा सण एकत्र साजरा करते. एक संत बाझिल आणि दुसरे संत ग्रेगरी, आपल्याकडच्या रीतीने म्हणायचे तर नाझियांझकर. पूर्वी हे सण वेगवेगळे होते. पाश्चात्त्य पंचांगात ग्रेगरींचा सण ९ मे रोजी आणि बाझिलचा १४ जून रोजी येत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली संतांच्या पंचांगाची फेररचना झाली, तेव्हा या दोघा जिवलग मित्रांना एकाच दिवशी आणून बसविण्यात आले. त्या दिवशी आम्हा धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथात जे दुसरे वाचन येते तेही मैत्रीविषयीचेच आहे. बाझिलच्या मृत्यूनंतर ग्रेगरीने त्याच्या स्मरणार्थ केलेल्या दीर्घ भाषणातील तो उतारा. अथेन्समधले विद्यार्थिदशेचे दिवस, एकच ध्येय, एकच घर, एकमेकांच्या यशाचा आनंद, असे सारे त्यात आले आहे.

परंतु उतारा अथेन्समध्येच संपतो आणि मूळ भाषण मात्र तेथे संपत नाही. पुढे बऱ्याच अंतरावर ग्रेगरीने एक जखम उघडी करून दाखविली आहे, तीही भर सभेत. सणाच्या दिवशीच्या प्रार्थनेत तो भाग घेतला नाही हे योग्यच झाले. मात्र ज्यांना मित्र आहेत, किंवा एके काळी होते, त्यांनी तो उरलेला भागही जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

धर्मग्रामात वावरणाऱ्या कोणालाही हा विषय परका नाही. एकाच बाकावर बसून पहिल्या कम्युनियनची तयारी केलेली मुले. त्यांतला एक पुढे आखातात जातो, एक बँकेत लागतो, एक वडिलांची वाडी सांभाळत राहतो. वीस वर्षांनी एखाद्या लग्नाच्या मांडवात भेटतात, गळामिठी होते, आणि पाच मिनिटांनी पावसापाण्याखेरीज बोलायला विषय सापडत नाही. भांडण तर कधी झालेलेच नसते. मग बिनसले काय? या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड असते, कारण दोषी कोणीच सापडत नाही. चौथ्या शतकातील या दोन संतांनी आपल्या पत्रांतून आणि ग्रेगरीने आपल्या आत्मचरित्रपर काव्यातून याच गोष्टीचा इतका तपशीलवार पुरावा मागे ठेवला आहे की तसा क्वचितच कोठे सापडावा. (मित्र म्हणून त्यांच्याकडे पाहायचे तर एकेरीत लिहिणेच सोयीचे, वाचकांनी त्यात अनादर मानू नये.)

दोघेही कप्पदुकियाचे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांची जी यादी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे तिच्यात या प्रांताचे नाव येते. आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी असलेले हे उंच पठार. हिवाळ्यात बर्फाने गोठणारे, घोड्यांसाठी जुन्या जगात नाव कमावलेले. दोघांचाही जन्म इ.स. ३३० च्या सुमारासचा. बाझिलचे घराणे मोठे कर्तबगार. आजी माक्रिना आणि आजोबा छळाच्या काळात पोंतसच्या रानावनात कित्येक वर्षे लपून राहिलेले, वडील वक्तृत्वशास्त्राचे नावाजलेले शिक्षक, आई एमेलिया आणि थोरली बहीण माक्रिना दोघी संतपदाला पोहोचलेल्या, धाकट्या भावांपैकी दोघे पुढे बिशप झाले. या घरात हातावर हात ठेवून बसणारे कोणी नव्हतेच. ग्रेगरीचे घर तसे शांत. त्याच्या वडिलांचे नावही ग्रेगरीच. पत्नी नोन्ना हिच्या प्रार्थनेमुळे आणि चिकाटीमुळे ते ख्रिस्ती झाले आणि पुढे नाझियांझ या लहानशा गावाचे बिशप झाले. (त्या काळी विवाहित पुरुषही बिशप होत असत.) हा मुलगा नोन्नाने जन्मापूर्वीच देवाला वाहिलेला. वृद्ध आईवडिलांची सावली त्याच्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत राहिली. ती त्याला प्रियही होती आणि जडही होती.

कैसरिया या प्रांताच्या राजधानीत शिकत असताना दोघांची तोंडओळख झाली असावी. पुढे ग्रेगरी पॅलेस्टाईन, अलेक्झांड्रिया असा शिकत शिकत जहाजाने अथेन्सला निघाला. वाटेत सायप्रसजवळ वादळ झाले. कित्येक दिवस जहाज हेलकावे खात होते. ग्रेगरीचा अद्याप बाप्तिस्मा झालेला नव्हता. मरणापेक्षाही बाप्तिस्म्यावाचून मरण्याची त्याला भीती वाटली आणि वाचलो तर उरलेले आयुष्य देवाचे, असा त्याने तेथे शब्द दिला. हे येथे सांगण्याचे कारण असे की हा शब्द त्याने मित्र भेटण्याआधी दिलेला होता. पुढच्या साऱ्या ओढाताणीत तो त्याला कधीच विसरता आला नाही.

अथेन्समध्ये बाझिल त्याच्या मागून आला. तेथील विद्यार्थ्यांत एक दांडगाईची चाल होती. नवा विद्यार्थी आला की त्याची मिरवणूक काढून, आरडाओरडा करीत, भर बाजारातून स्नानगृहापर्यंत न्यायचे, दारावर धडका देऊन त्याला घाबरवायचे, आणि मग त्याला आपल्यात घ्यायचे. आजच्या वसतिगृहांतील प्रकार पाहता यात नवल वाटण्यासारखे काही नाही. ग्रेगरीने आधीच सर्वांची समजूत घातली आणि बाझिलला या प्रसंगातून वाचविले. थोड्याच दिवसांनी काही आर्मेनियन विद्यार्थ्यांनी बाझिलला वादात अडकविले. ग्रेगरीने अथेन्सच्या प्रतिष्ठेखातर प्रथम त्यांचीच बाजू घेतली. मग त्यांच्या मनातला मत्सर लक्षात येताच तो बाझिलच्या बाजूने उभा राहिला. अथेन्सविषयी मनात बाळगलेल्या कल्पना प्रत्यक्षात उतरेनात म्हणून बाझिल खिन्न झाला, तेव्हा त्याला सावरणाराही ग्रेगरीच. येथून मैत्री जडली. प्रोएरेसियस आणि हिमेरियस हे त्यांचे गुरू. त्यांपैकी पहिला ख्रिस्ती, दुसरा मूर्तिपूजक. ३५५ साली राजघराण्यातील ज्युलियन हा तरुणही तेथे शिकायला आला होता. तोच पुढे सम्राट होऊन ख्रिस्ती धर्म सोडणार होता. नगरात मेजवान्या होत्या, नाटके होती, देवळांचे उत्सव होते. या दोघांना दोनच रस्ते ठाऊक होते, एक चर्चकडे जाणारा आणि दुसरा गुरुगृही जाणारा.

तेथेच त्यांनी एक आणभाक केली. शिक्षण संपले की मायदेशी जाऊन दोघांनी मिळून ‘तत्त्वज्ञाना’चे जीवन जगायचे. त्या काळच्या ख्रिस्ती भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता ग्रंथाभ्यास नव्हे, तर प्रपंच सोडून प्रार्थनेत, अभ्यासात आणि विरक्तीत घालविलेले आयुष्य. शब्द एक होता. परंतु आमच्या मते तो उच्चारताना दोघांच्या डोळ्यांसमोर उभी राहणारी चित्रे तेव्हाही वेगळीच असावीत. बाझिलला दिसत होता नियमाने चालणारा एक बंधुसमाज. उठण्याची, जेवण्याची, काम करण्याची वेळ ठरलेली, आणि दार ठोठावणाऱ्या गरिबाला उघडे असलेले घर. ग्रेगरीला दिसत होती एक झाडाची सावली, एक पुस्तक आणि समोर बाझिल. तरुणपणी असे वेगळेपण जाणवत नाही. ध्येय एक आहे एवढ्यानेच मन भरते.

पहिला ओरखडा अथेन्स सोडतानाच उमटला. निघायचे दोघांनी मिळून ठरविले होते. निरोपाच्या वेळी सहाध्यायी आणि गुरू यांनी गराडा घातला, राहण्याचा आग्रह केला, हात धरले. बाझिलने आपली कारणे सांगितली आणि तो निघून गेला. ग्रेगरीला कोणाचा हात झिडकारणे जमले नाही; तो मागे राहिला. पंचवीस वर्षांनंतरच्या भाषणातही, बाझिलने आपल्याला सोडून जाणे हा एक प्रकारचा दगाच होता, असे त्याने जवळजवळ स्पष्ट म्हटले आहे. जाणारा आपल्या निश्चयाने जातो, राहणारा इतरांच्या आग्रहामुळे राहतो. पुढे सासिमापर्यंत सारे याच साच्यात घडत गेले.

गावी परतल्यावर बाझिलने थोडे दिवस शिकविले. बहीण माक्रिनाने त्याच्या विद्येचा गर्व उतरविला. त्याने बाप्तिस्मा घेतला, इजिप्त, पॅलेस्टाईन, सिरिया येथील तपस्व्यांची ठिकाणे पाहून आला आणि पोंतसमध्ये आयरिस नदीकाठी घराण्याच्या जमिनीजवळ त्याने आपली कुटी बांधली. तेथून त्याने ग्रेगरीला बोलावणे धाडले. ग्रेगरीचे उत्तर मोठे अवघडलेले आहे. अथेन्सचा शब्द आपण मोडीत आहोत हे तो कबूल करतो, परंतु म्हाताऱ्या आईवडिलांना टाकून येता येत नाही, तेव्हा काही दिवस तू माझ्याकडे आणि काही दिवस मी तुझ्याकडे असे करू, अशी तोड तो सुचवितो. बाझिलने ही तोड मानली नाही. ग्रेगरीच्या गावच्या चिखलाची थट्टा करून त्याने आपल्या रानाचे बहारदार वर्णन लिहून पाठविले. डोंगर, दाट झाडी, पायथ्याशी उसळत वाहणारी नदी, तिच्यातले मासे, आणि या सर्वांहून मोलाची म्हणजे शांतता.

ग्रेगरी गेला, राहिला आणि परत आल्यावर त्याने जी पत्रे लिहिली ती वाचून आजही हसू आवरत नाही. ती कुटी म्हणजे छप्पर नसलेली, दार नसलेली. चूल अशी की तिला धुराचीही ओळख नाही. पाव एवढा कडक की दात आधी त्यावरून घसरायचे आणि एकदा रुतले की चिखलातून पाय ओढावा तसे ओढून काढावे लागायचे. बागेत भाजी नाही, आणि जमीन सपाट करण्यासाठी अथेन्समध्ये वक्तृत्व शिकून आलेले हे दोन पंडित गाडीला स्वतः जुंपलेले! बाझिलच्या आईने, एमेलियाने, वेळेवर जेवण पाठविले नसते तर आपण दोघे तेथेच मेलो असतो, असे तो लिहितो. पण या पत्रांपाठोपाठ आणखी एक पत्र आहे आणि त्याचा सूर निराळा आहे. थट्टा पुरे झाली; ते स्तोत्रगायन, ती रात्रीची जागरणे, एकत्र केलेला शास्त्राभ्यास, लाकडे वाहणे, दगड फोडणे, हे सारे पुन्हा कोण मिळवून देईल, असे तो विचारतो. तेथे ग्रेगरीने चिनाराचे एक झाड लावले होते. आपण लावले, बाझिलने पाणी घातले आणि देवाने वाढविले, अशी संत पौलाच्या शब्दांची आठवण करून देत तो त्या झाडाविषयी लिहितो. दोघांच्या अर्धवट फळास आलेल्या स्वप्नाची एवढी एकच वस्तू आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

यानंतरची दहा वर्षे आम्ही भराभर सांगतो. ३६१ च्या नाताळाच्या सुमारास वृद्ध पित्याने ग्रेगरीला त्याच्या इच्छेविरुद्ध गुरुदीक्षा दिली. ग्रेगरी पळून गेला तो थेट बाझिलकडे, आणि ईस्टरपर्यंत परत आला. थोड्याच काळात बाझिलही कैसरियात धर्मगुरू झाला. तेथल्या बिशपांशी त्याचे पटेना, तेव्हा मध्यस्थी करून गाडी रुळावर आणली ती ग्रेगरीने. ३६८-६९ मध्ये मोठा दुष्काळ पडला. बाझिलने श्रीमंतांची कोठारे उघडायला लावली, कढया भरभरून कढण शिजविले आणि कमरेला फडके बांधून भुकेल्यांना आपल्या हाताने वाढले. आपण कशासाठी जन्मलो आहोत हे त्या दुष्काळात बाझिलला कायमचे उमगले, असे आम्हांस वाटते. त्या दिवसानंतर नदीकाठच्या कुटीची हाक त्याला पूर्वीसारखी ऐकू आली नसावी. ग्रेगरीला मात्र ती मरेपर्यंत ऐकू येत राहिली.

३७० साली कैसरियाचे बिशप वारले. बाझिलने ग्रेगरीला निरोप पाठविला की मी अत्यवस्थ आहे, अखेरची भेट घ्यायला ये. ग्रेगरी रडत निघाला. वाटेत पाहतो तो निरनिराळ्या गावांचे बिशप लगबगीने कैसरियाकडे चाललेले. नव्या बिशपची निवड होणार आहे, आणि आपल्याला अंत्यदर्शनासाठी नव्हे तर त्या निवडीत हातभार लावण्यासाठी बोलाविले आहे हे त्याच्या ध्यानात आले. तो तेथूनच मागे फिरला आणि त्याने एक कडक पत्र लिहिले. बाझिलची प्रकृती आयुष्यभर नाजूकच होती, तेव्हा आजार अगदीच खोटा होता असे म्हणवत नाही. परंतु मित्राला खरे कारण सांगितले नाही एवढे खरे. गंमत अशी की ग्रेगरीचे वृद्ध वडील स्वतः आजारी असताना पालखीत पडून कैसरियाला गेले आणि त्यांनी बाझिलच्या बाजूने मत दिले. बाझिल निवडून आला. निवड योग्यच होती. पुढच्या आठ वर्षांत त्याने जे काम उभे केले त्याला तोड नाही. शहराबाहेर त्याने प्रवासी, रोगी, निराधार आणि महारोगी यांच्यासाठी एक वसाहतच बांधली. तिच्यात वैद्य होते, शुश्रूषा करणारे होते, कारागिरांची कामाची घरे होती. ख्रिस्ती जगातील इस्पितळांच्या इतिहासात तिचे नाव आजही अग्रभागी येते. एरियसच्या पाखंडी मताचा पक्ष घेणाऱ्या सम्राट व्हालेन्सपुढे आणि त्याच्या मोडेस्टस या अधिकाऱ्यापुढे तो एकटा ताठ उभा राहिला.

आणि याच व्हालेन्सच्या कारकिर्दीत, ३७२ च्या सुमारास, कप्पदुकिया प्रांताचे दोन तुकडे झाले. तियाना हे नव्या भागाचे मुख्य शहर. तेथला बिशप अँथिमस म्हणू लागला की सरकारी हद्द बदलली तशी धर्मपीठाचीही बदलली, या भागावर आता बाझिलचा अधिकार नाही. तोरस डोंगराकडच्या संत ओरेस्तेसच्या देवळाचे उत्पन्न खेचरांवर लादून कैसरियाला यायचे, तेही अँथिमसच्या लोकांनी अडविले. बाझिलचे बळ कमी होत होते. समोर व्हालेन्ससारखा शत्रू. तेव्हा वादग्रस्त सीमेवर आपल्या विश्वासाची माणसे बिशप म्हणून बसवायची असे त्याने ठरविले. धाकट्या भावाला निस्साला पाठविले आणि मित्राला सासिमाला.

सासिमा म्हणजे काय? हमरस्त्यावर तीन वाटा फुटतात तेथला सरकारी घोडे बदलण्याचा टप्पा. पाणी नाही, हिरवे पान नाही, धूळ, गाड्यांचा खडखडाट, करवसुली करणारे अधिकारी, बेड्या ठोकलेले कैदी आणि आज आहेत तर उद्या नाहीत असे लोक. हे वर्णन ग्रेगरीचे आहे आणि ते रागात केलेले आहे हे ध्यानात घ्यायला हवे. पण त्यातले निम्मे वजा केले तरी चित्र फारसे पालटत नाही. शिवाय अँथिमसने तेथे अडवणूक चालविलेली, म्हणजे आधी भांडण जिंकायचे आणि मग मिस्सा अर्पण करायची. बाझिल आणि वडील या दोघांच्या आग्रहापुढे ग्रेगरीने मान तुकविली. त्याच्यावर बिशपपदाचा अभिषेक झाला, आणि तो सासिमाला राहायला कधीच गेला नाही.

बाझिलने त्याला आळशी म्हटले. ग्रेगरीची उत्तरे धारदार आहेत. अथेन्सपासून आपण तुला ओळखतो असे वाटत होते, पण उच्चासनावर बसताच तू बदललास. माझ्या दृष्टीने काही न करणे हेच सर्वांत मोठे कार्य आहे, आणि सगळे माझ्यासारखे वागले तर ख्रिस्तसभेत भांडणेच उरणार नाहीत. डुकराची पिल्ले आणि कोंबड्या यांच्यासाठी चाललेल्या लढाईला आत्म्यांच्या तारणाची लढाई म्हणण्याची मला इच्छा नाही. पत्रांचा आशय साधारण असा आहे. मात्र ग्रेगरीच्या बाजूचेही एक सांगायला हवे. अँथिमस स्वतः नाझियांझला आला, त्याने नाना परींनी ग्रेगरीला वळवून पाहिले. ग्रेगरी वळला नाही. तू बाझिलचाच माणूस, असे संतापाने म्हणून अँथिमस परत गेला. दुखावलेला मित्र शत्रूच्या गोटात गेला नाही.

न्याय कोणाच्या बाजूने? बरीच वर्षे धर्मग्राम सांभाळलेल्या माणसाला बाझिलची अडचण लगेच कळते. काम पर्वताएवढे, माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. अशा वेळी हुशार आणि सज्जन मित्र आपल्या पुस्तकांत बसलेला पाहून जीव जळतो. बाझिलच्या एका पत्रात ग्रेगरी नावाच्या एका बिशपविषयी असा विचार आहे की, त्याच्या योग्यतेचे धर्मपीठ शोधायचे तर साऱ्या जगातील ख्रिस्तसभा एकत्र कराव्या लागतील, ते शक्य नाही, तेव्हा त्यानेच लहान जागेला मोठेपणा द्यावा. हा ग्रेगरी मित्र की भाऊ याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, पण बाझिलचा विचार करण्याचा मार्ग यावरून कळतो. त्याला जागा दिसत होती आणि तिच्यासाठी माणूस हवा होता. त्या माणसाला तेथे काय होईल हा प्रश्न त्याच्या मनात दुसरा होता. ग्रेगरीचाही दोष झाकून चालणार नाही. त्याने ‘नाही’ हा शब्द वेळेवर उच्चारला नाही. मान तुकवायची आणि मग पळून जायचे, ही त्याची जन्माची खोड. स्पष्ट नकार दिला असता तर बाझिल रागावला असता, पण फसला नसता. तरीही तराजू हातात घेतलाच तर आम्ही ग्रेगरीच्या पारड्यात थोडे अधिक वजन टाकू. मित्राला विचारणे आणि मित्राला वापरणे यांत जे अंतर आहे ते बाझिलने त्या वर्षी ओलांडले.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे टिळक-आगरकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. डेक्कन कॉलेजातली स्वप्ने, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले १०१ दिवस, आणि पाचच वर्षांनी आगरकरांचे ‘केसरी’पासून दूर होणे. परंतु तेथे मतांचाच भेद होता. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, असा उघड वाद होता. बाझिल आणि ग्रेगरी यांचा विश्वास अक्षराअक्षराने एक होता. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या एकाच ईश्वरत्वासाठी दोघेही झिजले.

त्यातही स्वभावाने आपला वाटा घेतलाच. एका मेजवानीत कोणा तपस्व्याने सर्वांसमोर टीका केली की बाझिल पवित्र आत्म्याला ‘देव’ असे उघडपणे म्हणत नाही, शब्द राखून बोलतो. ग्रेगरी बोलतो तसा निर्भयपणे बोलत नाही. ग्रेगरीने बाझिलची बाजू मांडली. सम्राटाचे डोळे त्याच्यावर आहेत, एका शब्दासाठी त्याला हद्दपार केले तर ख्रिस्तसभेचे फार नुकसान होईल, असे तो म्हणाला. मग झाला प्रकार त्याने बाझिलला पत्राने कळविला आणि यापुढे काय उत्तर द्यावे हे विचारले. हेतू शुद्ध होता. बाझिलला मात्र ते झोंबले. माझ्याविषयी असे बोलणारा मनुष्य तुझ्या पंगतीत बोलूच कसा शकतो, असा त्याच्या उत्तराचा सूर आहे. जुनी मैत्री घट्ट असती तर याच पत्रावर दोघे हसले असते. विश्वासाला तडा गेला की पत्राच्या ओळींआड नसलेले अर्थही वाचले जातात.

३७४ साली ग्रेगरीचे वडील वारले, पाठोपाठ आईही. तो सेल्युकिया येथे संत थेक्लाच्या मठाजवळ एकांतात जाऊन राहिला. १ जानेवारी ३७९ रोजी, पन्नाशी पुरी होण्याआधीच, बाझिलचा देह पडला. ग्रेगरी आजारी होता. अंत्यविधीला त्याला जाता आले नाही. बाझिलच्या भावाला त्याने सांत्वनाचे पत्र लिहिले, एवढेच. त्याच वर्षी तो कॉन्स्टन्टिनोपलला गेला. राजधानीतली सारी मंदिरे एरियन पक्षाच्या ताब्यात होती. एका घरात ‘अनास्तासिया’ म्हणजे पुनरुत्थान या नावाचे प्रार्थनास्थान उघडून त्याने आपली प्रसिद्ध प्रवचने दिली. त्यांत बाझिलने राखून ठेवलेला शब्द त्याने उघडपणे उच्चारला की पवित्र आत्मा देव आहे. ३८१ च्या विश्वपरिषदेत काही काळ अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. आपण रविवारी मिस्सामध्ये जो मोठा विश्वासांगीकार म्हणतो, त्याचे नाव या परिषदेशी जोडलेले आहे.

आणि तेथे सासिमा पुन्हा आडवे आले. उशिरा पोहोचलेल्या काही बिशपांनी हरकत घेतली की निसियाच्या परिषदेच्या नियमानुसार एका धर्मपीठाचा बिशप दुसऱ्या धर्मपीठावर जाऊ शकत नाही, आणि हा तर सासिमाचा बिशप आहे. ज्या गावी तो एक दिवसही नांदला नाही त्या गावाचा बिशप म्हणून राजधानीचे पद त्याच्याकडून सुटले. त्याने वाद घातला नाही, राजीनामा दिला आणि तो गावी परतला. खरे तर मनातून त्याला सुटल्यासारखे वाटले असावे.

मग तो कैसरियाला गेला. ३८२ च्या सुमारास, बाझिलच्या निधनानंतर तीनएक वर्षांनी, बाझिलच्याच लोकांसमोर उभे राहून त्याने ते भाषण केले ज्यातला उतारा आम्ही २ जानेवारीला वाचतो. दुष्काळ, वसाहत, मोडेस्टससमोरचा बाणेदारपणा, सारे त्याने भरभरून सांगितले. सासिमाचा प्रसंग येताच तो थांबला. या मनुष्याचे सारे काही आपल्याला मान्य आहे, फक्त एक गोष्ट सोडून, आणि त्या गोष्टीचे दुःख काळानेही विझवलेले नाही, असे त्याने त्या श्रोत्यांना सांगितले. लगेच पुढे, देवाच्या कामाला मैत्रीहून वरचे स्थान द्यावे लागले म्हणूनच बाझिलने तसे केले असावे, असेही तो म्हणाला. ही क्षमा होती की समजूत, हे सांगणे कठीण आहे. कारण याच सुमारास लिहिलेल्या आत्मचरित्रपर काव्यात त्याने ही पुस्ती जोडलेली नाही. तेथे अथेन्स, एकत्र केलेला अभ्यास, एक घर, एक मन या साऱ्यांची आठवण काढून तो म्हणतो की ते सगळे आता मातीला मिळाले. जाहीर सभेत एक आणि एकांतात दुसरे, असे पाहून त्याला कोणी दुटप्पी म्हणू नये. दोन्ही त्याच्या मनात होते.

उरलेली वर्षे त्याने आरियान्झ येथील वडिलोपार्जित जागेत काढली. बाग, झरा, झाडे आणि लेखणी. ३९० च्या सुमारास त्याला मृत्यू आला. अथेन्समध्ये पाहिलेले स्वप्न अखेर त्याला मिळाले; समोर बाझिल तेवढा नव्हता.

या अखेरच्या काळातली एक लहान गोष्ट सांगून आम्ही थांबतो. त्याच्या नात्यातील निकोबुलसने त्याच्याकडे त्याच्या पत्रांचा संग्रह मागितला. ग्रेगरीने पत्रे जमविली, आणि त्यांच्या सोबत बाझिलची जी पत्रे जवळ होती तीही घातली. बाझिलला आपण नेहमीच आपल्या पुढे मानत आलो, त्याला स्वतःला याउलट वाटत असले तरी, असे त्याने संग्रहासोबतच्या चिठ्ठीत कळविले, आणि पत्रे लावताना बाझिलची आधी ठेवून स्वतःची त्यांच्यामागे ठेवली.